विज्ञानाच्या कपाटाला कुलूप का?

आपल्या घरातील पाचवी ते दहावीच्या मुलामुलींना आज एक प्रश्न विचारून पाहा. या वर्षी शाळेत विज्ञानाचा एक तरी प्रयोग तू स्वतःच्या हाताने केलास काय? उत्तर बहुधा असे येईल की, सरांनी फळ्यावर आकृती काढून दिली. मॅडमनी टेबलावर करून दाखविला, आम्ही मागच्या बाकावरून पाहिला. किंवा परीक्षेला येणारे प्रयोग वहीत उतरवून घेतले. दहावीला 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या विषयाचे ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर असतात आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. प्रात्यक्षिक त्या २० गुणांत येते. अनेक शाळांत परीक्षानळी हाती न धरताच प्रात्यक्षिकाची वही पूर्ण होते, तिच्यावर सही होते आणि गुणही मिळतात. पालक म्हणून आपण गुणपत्रिका पाहतो, पेढे वाटतो. मुलाने काय पाहिले, काय केले, हे विचारायचे राहून जाते.

आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथेही विज्ञानाचे एक कपाट होते. त्यात काचेची चंचुपात्रे होती, परीक्षानळ्या होत्या, एक सूक्ष्मदर्शक होता. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे. काही फुटले तर भरपाई कोण करणार, या भीतीने शिक्षकही त्या किल्लीच्या वाटेला जात नसत. वर्षातून एकदा तपासणीला साहेब येत, त्याच्या आदल्या दिवशी कपाट उघडून धूळ पुसली जाई. पुढे दहावीनंतर आमच्या वस्तीतील जवळजवळ सर्व मुले आर्ट्‌स आणि कॉमर्सला गेली. आम्हीही बी. कॉम. झालो, कारकुनी करीत आहोत आणि या नोकरीने आमचे घर उभे केले आहे. परंतु सायन्स आपल्याला झेपणार नाही हे आमच्यापैकी बहुतेकांनी अकरावीचा फॉर्म भरण्याच्या कितीतरी आधी ठरवून टाकले होते. जे कधी हाताळलेच नाही ते झेपेल असे वाटणार तरी कसे?

म्हणून हा विषय केवळ शिक्षकांचा नाही, आपल्या मुलांच्या भवितव्याचा आहे. नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, इंजिनियर, डॉक्टर, शेतीशास्त्रज्ञ या सर्वांचा रस्ता शाळेतल्या विज्ञानाच्या तासावरून जातो. श्रीमंताच्या मुलाला शाळेत प्रयोग करावयास मिळाला नाही तर त्याचे आईवडील त्याला क्लासला घालतात, खेळण्यांचे संच आणून देतात. आपल्या मुलाला शाळेत मिळाले नाही तर ते कोठेच मिळत नाही.

दोष एकट्या शिक्षकाचा नाही

शिक्षकांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांची बाजूही पाहिली पाहिजे. वर्गात पन्नास-साठ मुले, पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास, अभ्यासक्रम संपविण्याची घाई, शिवाय निवडणूक, जनगणना, निरनिराळे तक्ते आणि अहवाल. अनेक शिक्षक स्वतः शाळेत असताना प्रयोग न करताच शिकलेले. त्यांच्या हाती पाठ्यपुस्तक आणि बाजारातले गाइड याखेरीज काही नसते. प्रयोग करताना काही वेगळेच घडले तर मुलांना काय सांगावे, ही धास्ती असते. अशा शिक्षकाला 'प्रयोग करून शिकवा' असे परिपत्रक पाठविल्याने काय होणार? त्याला सामान पाहिजे, चांगले पुस्तक पाहिजे, अडचण विचारावयास जाणकार सोबती पाहिजे आणि अशी परीक्षा पाहिजे की जिच्यात घोकंपट्टीपेक्षा समजण्याला किंमत आहे.

या चारही गोष्टी सरकारी शाळांच्या शिक्षकांना एकत्र मिळाल्याचे मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात घडले. ते आपल्या वाचकांना ठाऊक असले पाहिजे.

होशंगाबादची तीस वर्षे

१९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीचे वर्ग असलेल्या १६ ग्रामीण शाळांत विज्ञान शिकविण्याची नवी पद्धत सुरू झाली. 'किशोर भारती' आणि रसूलियाचे 'फ्रेंड्‌स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी सरकारच्या परवानगीने हे काम हाती घेतले. किशोर भारती स्थापन करणारे डॉ. अनिल सदगोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून खेड्यात गेलेले शास्त्रज्ञ. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक आणि टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ या कामाला येऊन मिळाले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यातील शाळांत गेला. १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने हे काम पुढे वाढविले. शेवटी शेवटी सुमारे एक हजार शाळांत, एक लाखाच्या आसपास मुले या पद्धतीने शिकत होती. (होशंगाबादचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम झाले आहे.)

वर्गात काय चालत असे? चार-चार मुलांची टोळी करून बसवीत. प्रत्येक टोळीला सामान मिळे. 'बाल वैज्ञानिक' नावाचे पुस्तक होते, त्यात तयार उत्तरे नव्हती. त्यात काय करून पाहावयाचे ते लिहिलेले असे आणि पुढे प्रश्न असत. मुलांनी प्रयोग करावयाचा, जे दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहावयाचे, मग सर्व टोळ्यांनी मिळून चर्चा करावयाची. सामान महागडे नव्हते. फुलाचे भाग उकलून पाहण्यास सुई नसेल तर बाभळीचा काटा चालत असे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून आकृत्या तयार होत. फुटेल-तुटेल त्याची भरपाई कार्यक्रमातून होत असे, म्हणून कपाटाला कुलूप लावून बसण्याची पाळी शिक्षकावर येत नसे.

शिक्षकांसाठी उन्हाळ्यात प्रशिक्षण होई. तेथे शिक्षक स्वतः टोळीत बसून तेच प्रयोग करीत आणि शास्त्रज्ञांशी वाद घालीत. वर्ष सुरू झाल्यावर दर महिन्याला परिसरातील शिक्षकांची बैठक भरे. कोणत्या शाळेत कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, पुढचा पाठ कसा घ्यावा, हे तेथे बोलले जाई. 'मला ठाऊक नाही, आपण करून पाहू' असे वर्गात म्हणण्याची शिक्षकाला मुभा होती. आमच्या मते ही सर्वांत मोठी गोष्ट होय. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून लिहिण्याची सवलत होती आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखर होत असे.

एक गोड गोष्ट सांगावीशी वाटते. 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र निर्माण केले होते. मुलांना कोणताही प्रश्न पडला की त्यांनी सवालीरामला पत्र लिहावे. खेड्यापाड्यांतून पत्रे येत आणि सवालीरामच्या नावाने त्यांना उत्तरे जात. शेतमजुराच्या पोराच्या प्रश्नाला टपालाने उत्तर येते, आपला प्रश्न कोणीतरी गंभीरपणे वाचला आहे, या अनुभवाने मुलाची मान किती ताठ होत असेल याची कल्पना करावी.

मग तो बंद का पडला?

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला. जिल्हा नियोजन समितीत त्याविरुद्ध ठराव झाला होता. या पद्धतीने शिकलेली मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप होता. एकलव्यने आकडेवारी देऊन तो खोडून काढण्याचा प्रयत्न केला. देशातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी सरकारला विनंत्या केल्या. उपयोग झाला नाही. त्या वर्षीपासून नेहमीची पाठ्यपुस्तके वर्गात आली.

यातून आपण काय घ्यावयाचे? आम्हाला एक बोध स्पष्ट दिसतो. शिक्षक कितीही तयार केले, शास्त्रज्ञ कितीही मोठे आले, तरी पालक या कामाच्या पाठीशी उभे नसतील तर सरकारी कागदाच्या एका सहीने सारे थांबते. पालकाला मार्क कळतात, म्हणून तो मार्कांचेच विचारतो. 'माझे मूल वर्गात प्रयोग करीत होते, तो तास आम्हाला परत हवा' असे म्हणणारे हजारो पालक उठले असते तर सरकारला ती सही इतकी सोपी गेली नसती. मुलाच्या विज्ञानाची मागणी पालकाने केली पाहिजे, हे होशंगाबादने शिकविले.

मुंबईत आपल्या मुलांबरोबर झालेले काम

मध्य प्रदेशाची गोष्ट लांबची वाटत असेल तर मुंबईची सांगतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. आज हे केंद्र मानखुर्दला आहे, पण सुरुवातीची अनेक वर्षे ते नाना चौकातील महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत होते. म्हणजे शास्त्रज्ञांची कचेरी आणि कामगारांच्या मुलांचे वर्ग एकाच छपराखाली! केंद्राने प्रारंभी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी काम केले. त्यानंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांच्यासोबत दहावीपर्यंत काम केले.

त्या काळी, आणि खरे तर आजही, पुष्कळ लोक उघड नाही तर मनातल्या मनात म्हणत की, या मुलांना विज्ञान-गणित जमत नाही. केंद्राच्या कामातून दिसले ते निराळेच. मुलांच्या बुद्धीत काही उणे नव्हते. अडचण होती ती पुस्तकाच्या भाषेची, वाचून अर्थ लावण्याच्या सवयीची, आकृती काढण्याच्या आणि हातांनी करून पाहण्याच्या सरावाची, घरात विचारावयास कोणी नसण्याची. नेमक्या याच गोष्टींवर मेहनत घेतल्यावर मुलांच्या निकालात ठळक सुधारणा झाली. भाषा सोपी केली की विज्ञान समजण्यात किती फरक पडतो, याचाही या केंद्राने वेगळा अभ्यास केला आहे.

हे काम आपल्या समाजातील प्रत्येक पालकाला माहीत असले पाहिजे. 'तुमच्या पोराला सायन्स नको, आर्ट्‌स घ्या' असे कोणी सांगितले तर आपण विचारावे की, या पोराला त्याच्या भाषेत, त्याच्या हातात सामान देऊन किती दिवस शिकविले?

भाषेची भिंत आणि आपली कारागिरी

भाषेचा मुद्दा थोडा उलगडून सांगतो. पुस्तकात 'उदासिनीकरण' हा शब्द येतो. मुलगा तो पाठ करतो, लिहितो, विसरतो. आता घरातले पाहा. वरणाचा किंवा कालवणाचा डाग पांढऱ्या सदऱ्यावर पडला आणि आईने साबण लावला की तो पिवळा डाग एकदम तांबडा होतो. प्रत्येक बाईने हे शेकडो वेळा पाहिले आहे. हळद ही साबण, चुना, धुण्याचा सोडा अशा अल्कलीत तांबडी होते. त्याच डागावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो, कारण आम्लाने अल्कलीचा जोर मारला. हेच ते उदासिनीकरण. आईच्या धुण्याच्या दगडापासून सुरुवात केली असती तर हा शब्द मुलाला जन्मभर विसरता आला नसता.

आपल्या घरांत विज्ञान ठासून भरले आहे. गवंडी ओळंबा सोडतो, तो पृथ्वीच्या ओढीने सरळ खाली येतो. तोच गवंडी दोन भिंतींची पातळी काढावयास पाणी भरलेली पारदर्शक नळी धरतो, कारण नळीच्या दोन्ही तोंडांशी पाणी एकाच पातळीत राहते. वायरमनला माहीत असते की एक दिवा गेला तरी घरातले बाकीचे चालू राहावेत म्हणून जोडणी कशी करावयाची. वेल्डर पत्र्याच्या शेडला त्रिकोणी कैच्या बसवितो, कारण त्रिकोण दाबला तरी वाकडा होत नाही, चौकोन मात्र लगेच कलंडतो. नळदुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असते की टाकी जितकी उंच तितके पाणी जोरात येते. पाठ्यपुस्तकातील दाब, गुरुत्व, विद्युत परिपथ हे सारे आपल्या बापभावांच्या हातात रोज असते. शिक्षकाने अशा एखाद्या पालकाला तासाला बोलावले तर मुलांना धडा कळेल आणि आपला बाप काय जाणतो हेही कळेल. त्याला शाळेचा एक पैसा खर्च येत नाही.

थोड्या खर्चात होणारे चार प्रयोग

हे प्रयोग वर्गात, घरी किंवा रविवारी विहारात मुलांना जमवून करता येतात. मोठे माणूस जवळ असावे, एवढेच पाहावे.

पहिला हळदीचा कागद. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर फासा आणि सुकवा. त्याच्या पट्ट्या कापा. साबणाचे पाणी, लिंबाचा रस, सोड्याचे पाणी, चिंचेचे पाणी, पानाचा चुना कालवून वर आलेले निवळ पाणी यांत एकेक पट्टी बुडवा. कोणती तांबडी झाली, कोणती पिवळीच राहिली, याचा तक्ता मुलांनी स्वतः करावा. चुना डोळ्यांत जाणार नाही याची काळजी घ्यावी.

दुसरा पिष्टाचा. जखमेला लावण्याच्या आयोडीनचा एक थेंब शिजलेल्या भातावर, बटाट्याच्या फोडीवर, पावाच्या तुकड्यावर आणि काकडीवर टाका. पिष्ट असेल तेथे निळा-काळा रंग येईल. पनीर किंवा खव्यात पिठाची भेसळ आहे काय, हेही याच रीतीने पाहता येते. थेंब टाकलेले अन्न मात्र फेकून द्यावे, खाऊ नये.

तिसरा मोजमापाचा. वर्गातील एकच बाक चाळीस मुलांनी एकामागून एक मोजावा आणि कोणाला न सांगता आकडा चिठ्ठीवर लिहावा. सगळ्या चिठ्ठ्या उघडल्या की आकडे थोडे थोडे निराळे निघतील. मग खरी लांबी कोणती? येथून सरासरी काय असते आणि मोजण्यात फरक का पडतो, हे मुलांना आपोआप कळते. होशंगाबादच्या वर्गांत मोजमापातील या फरकावर पुष्कळ भर असे.

चौथा विजेच्या मोटारीचा. दीड व्होल्टचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक, लाखेचा थर असलेली तांब्याची बारीक तार आणि सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा. सेलच्या दोन टोकांना पट्ट्याने पिना घट्ट बसवा. सेलच्या अंगावर चुंबक ठेवा. तारेचे आठ-दहा वेढ्यांचे कडे करून त्याची दोन टोके बाहेर काढा आणि पिनांच्या भोकांत अडकवा. एका टोकावरील लाख पूर्ण खरवडायची, दुसऱ्या टोकावरील फक्त एका बाजूची. बोटाने हलका धक्का दिला की कडे गरगर फिरू लागते. एका बाजूची लाख का ठेवली? कारण अर्ध्या फेरीत वीज बंद झाली नाही तर चुंबकाचा जोर कड्याला उलटे ढकलतो. घरचा पंखा, पिठाची गिरणी, लोकल गाडी या सर्वांच्या पोटात याच तत्त्वाचा खेळ आहे. घरातील भिंतीच्या प्लगला मात्र हात लावावयाचा नाही, हे मुलांना बजावून सांगावे.

शिक्षकांना काय काय मिळू शकते

सेलची ही मोटार आणि काड्यांच्या आकृत्या देशभर पोचविणाऱ्यांत श्री. अरविंद गुप्ता यांचे नाव मोठे आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तून इंजिनियर होऊन ते पुण्याच्या टेल्को कारखान्यात लागले. १९७८ मध्ये रजा काढून होशंगाबादच्या कामात गेले आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचा मार्ग त्यांना तेथे सापडला. पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या खेळण्यांच्या छोट्या फिल्मा मराठीतही आहेत आणि हजारो पुस्तके त्यांनी विनामूल्य वाचण्यास ठेवली आहेत. आज बहुतेक घरांत एक तरी स्मार्टफोन आहे. त्यावर रात्री रील्स पाहण्याऐवजी आठवड्यातून एक खेळणे पाहून करावे.

मराठीतील नियतकालिकेही आहेत. 'सृष्टिज्ञान' हे मासिक १९२८ साली सुरू झाले. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे, चुनाभट्टीला तिचे विज्ञान भवन आहे आणि तिची पत्रिका निघते. एकलव्यच्या 'संदर्भ' या हिंदी द्वैमासिकाच्या धर्तीवर १९९९ मध्ये पुण्याहून 'शैक्षणिक संदर्भ' सुरू झाले. ते शिक्षक आणि मोठ्या मुलांसाठी आहे. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी सोयीतील पाठ पाहता येतात. मुंबईच्या विज्ञान अध्यापक मंडळाची सहावी व नववीसाठी 'होमी भाभा बालवैज्ञानिक' स्पर्धा परीक्षा असते, तिच्यातही प्रात्यक्षिकाला स्थान आहे. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर अवॉर्ड–मानक' योजनेत शाळेने विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पना पाठवावयाच्या असतात आणि निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याच्या खात्यात दहा हजार रुपये जमा होतात. ही नावे शाळेनेच पाठवावी लागतात. म्हणून आपल्या शाळेने पाठविली काय, हे पालकाने विचारलेच पाहिजे.

शिक्षकाला बातम्याही कळल्या पाहिजेत. २०२३ साली एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळण्यात आला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी व विज्ञानप्रेमींनी उघड पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्याच्या दहावीच्या २०१८ साली आलेल्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच पाठ आहे. सर्व माणसे एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत हे ज्या पाठातून कळते, तो पाठ आपल्या मुलांच्या वर्गात नीट शिकविला जातो की 'परीक्षेला येत नाही' म्हणून टाळला जातो, यावर आपले लक्ष असावे.

पालकांच्या हाती असलेला कायदा

बंधू-भगिनींनो, आता मुख्य मुद्दा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असतात. शाळेच्या कामकाजावर व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे आहेत. (अनुदानित शाळेत ही समिती सल्लागार म्हणून काम करते.) कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे अध्यापनाचे साहित्य आणि प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे म्हटले आहे.

बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. सभेचे इतिवृत्त तयार असते, आईकडून सही तेवढी घेतली जाते. आमच्या भगिनींना विनंती आहे की, सही करण्याआधी बसा, चहा घ्या आणि पुढील गोष्टी नम्रपणे विचारा. विज्ञानाचे साहित्य शाळेत कोणते आहे, त्याची यादी दाखवा. या सत्रात कोणत्या इयत्तेने कोणते प्रयोग केले? प्रयोग मुलांनी केले की शिक्षकांनी दाखविले? वस्तू फुटली तर शिक्षकाच्या माथी भरपाई येणार नाही, असा ठराव करता येईल काय? विज्ञानाचे एखादे मासिक शाळा घेते काय? शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठविले जाते काय? आराखड्यात विज्ञान साहित्यासाठी रक्कम धरली आहे काय? हे सर्व इतिवृत्तात लिहून घ्या. भांडण करू नका. शिक्षक हा आपला शत्रू नाही, तो बहुधा एकटा पडलेला माणूस आहे. पालक पाठीशी आहेत असे दिसले तर कितीतरी शिक्षक उत्साहाने पुढे येतील.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी लावलेल्या शोधाची ही आठवण, १९८७ पासून पाळली जाते. पुष्कळ शाळांत त्या एका दिवशी तक्ते लागतात, थर्माकोलचे ज्वालामुखी धूर सोडतात आणि पाहुणे भाषण करून जातात. एक दिवस साजरा झाला याचे वाईट नाही. पण उरलेल्या दिवसांत मुलाच्या हाती भिंग आले नाही, तार आली नाही, तर त्या तक्त्यांचा काय उपयोग?

प्रत्येक वस्तीत दहावी-बारावी सायन्स झालेला, आय.टी.आय. केलेला, रुग्णालयात किंवा कारखान्यात काम करणारा एखादा तरुण किंवा तरुणी असतेच. त्यांनी महिन्यातून एक रविवार दोन तास द्यावेत. वीस मुले बसवावीत, पाच टोळ्या कराव्यात. एखाद्या पत्र्याच्या पेटीत सेल, चुंबक, तारा, भिंग, आयोडीनची बाटली, हळदीच्या पट्ट्या, मोजपट्ट्या जमवाव्यात. वर्गणीतून हे सामान सहज होते. त्या पेटीला कुलूप लावू नये. मुले काही मोडतील, काही हरवतील. ते भरून काढावे आणि पुन्हा पेटी त्यांच्यापुढे ठेवावी.